चप्पल कोल्हापुरी, किंमत ऐंशी हजारांच्या वर : डिझाइनमधून पैसा नेमका कसा तयार होतो?

जून २०२५. इटलीतल्या मिलान शहरात 'प्राडा' या लक्झरी ब्रँडचा पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो होता. मॉडेल रॅम्पवर आले आणि इकडे महाराष्ट्रात लोकांचे डोळे त्यांच्या पायांवर खिळले. कारण पायात होती थेट आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल! प्राडाने मात्र तिची ओळख फक्त 'लेदर सँडल' अशी करून दिली होती. कोल्हापूरचं किंवा भारताचं नाव कुठेच नव्हतं.

सोशल मीडियावर गदारोळ झाला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिलं. त्यावर, ही सँडल भारतातल्या पारंपरिक हस्तकलेवरून प्रेरित आहे, असं प्राडाने मान्य केलं. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. इथल्या कारागिरांच्या मदतीने सुमारे २,००० जोड बनवायचे आणि एक जोड साधारण ८०० युरोंना विकायचा, असं ठरलं. म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्याही वर!

कोल्हापूरच्या बाजारात चांगली चप्पल काही हजारांत मिळते. मग मधले इतके पैसे कशाचे? आजच्या अर्थव्यवस्थेत डिझाइनला इतकं महत्त्व का आलंय, याचं उत्तर या प्रश्नात आहे.

डिझाइन म्हणजे फक्त दिसणं नाही

डिझाइन म्हटलं की आपल्याला रंग, नक्षी, लोगो आठवतात. पण डिझाइन म्हणजे आधी एखाद्या माणसाची अडचण नीट समजून घेणं आणि मग तिच्यावर सोपा, टिकाऊ आणि शक्यतो देखणा उपाय शोधणं.

आता कोल्हापुरीकडेच बघा. उन्हातान्हात आणि खडबडीत वाटेवर चालायचं म्हणून जाड तळ. पाय घामेजून जाऊ नये म्हणून वरून मोकळी. पाय पुढे घसरू नये म्हणून अंगठा. पट्टा तळाला धरून ठेवावा म्हणून दोन्ही बाजूंना कान. कातडं कमवायला बाभळीची साल आणि हिरडा, आणि पारंपरिक पद्धतीत शिवण चामड्याच्याच वादीची. खिळ्यांची गरजच नाही.

हे सगळं एका माणसाने एका दिवसात ठरवलेलं नाही. पिढ्यानपिढ्या कारागिरांनी वापरून, बिघडवून आणि सुधारून हा आकार घडवलाय.

याच मुद्द्यावर १९५८ साली एक महत्त्वाचा अहवाल लिहिला गेला होता. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याला भारत सरकारने बोलावलं होतं. भारत फिरल्यावर त्यांना डिझाइनचा उत्तम नमुना म्हणून कुठली भारी वस्तू आठवली नाही. त्यांना भावला आपला साधा लोटा! तोही असाच अनेक पिढ्यांनी मिळून घडवलेला. या अहवालातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची 'एनआयडी' ही राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९६९ मध्ये आयआयटी मुंबईतही डिझाइनचं शिक्षण देणारं केंद्र सुरू झालं. रुपयाचं '₹' हे चिन्ह तयार करणारे डी. उदय कुमार याच केंद्रात शिकलेले.

मग पैसा कुठे जातो?

वस्तू बाजारात येईपर्यंत साधारण तीन टप्पे असतात. आधी कल्पना आणि डिझाइन, मग प्रत्यक्ष उत्पादन आणि शेवटी ब्रँड व विक्री. बहुतेक वेळा सगळ्यात कमी पैसा मधल्या टप्प्यात मिळतो. कारण तेच काम दुसरीकडे स्वस्तात करून घेता येतं. कल्पना आणि नाव मात्र तितक्या सहज बदलता येत नाही.

आयफोनचं उदाहरण घ्या. 'डिझाइन कॅलिफोर्नियात, जुळणी चीनमध्ये' अशा अर्थाची ओळ अनेक वर्षं त्याच्या पाठीवर छापलेली असायची. नफ्याचा मोठा वाटा गेला तो पहिल्या अर्ध्या ओळीकडे.

कोल्हापुरीच्या बाबतीत गंमत अशी की कल्पनाही कारागिरांचीच आणि मेहनतही त्यांचीच. तरी बाजाराने त्यांना कायम 'मजूर' म्हणूनच मोजलं. 'डिझायनर' ही पाटी कधी लागलीच नाही.

जीआय टॅग होता ना, मग?

होता. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय टॅग आहे. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात.

पण इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जीआय मुख्यतः नावाचं रक्षण करतो. या आठ जिल्ह्यांबाहेर बनलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकता येत नाही. पण ते नाव न घेता कुणी तसाच आकार वापरला, तर जीआयच्या आधारे त्याला अडवणं अवघड जातं. शिवाय भारतातली नोंदणी भारतापुरतीच लागू असते.

आकाराचं रक्षण करणारा कायदा वेगळा आहे. २००० सालच्या डिझाइन कायद्यानुसार डिझाइनची नोंदणी करता येते, पण ते नवं असावं लागतं आणि संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षं मिळतं. शेकडो वर्षं जुनी कोल्हापुरी त्यात बसत नाही. याउलट ब्रँडचा ट्रेडमार्क दर १० वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ चालवता येतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने 'प्राडा' हे नाव सुरक्षित आहे आणि कोल्हापुरीचा आकार सगळ्यांसाठी मोकळा!

प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली होती. जीआयचे नोंदणीकृत मालक याचिकाकर्ते नाहीत, या मुद्द्यावर न्यायालयाने ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

यातून शिकायचं काय?

पहिली गोष्ट, जुनं डिझाइन राखून ठेवता येत नसेल, तर त्यावर नवं डिझाइन करत राहावं लागतं. नवी कोल्हापुरी चावते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मग आपण तेल लावतो, चार दिवस घरात घालून फिरतो. डिझायनरच्या नजरेने बघितलं तर ही एक न सुटलेली अडचण आहे. मऊ अस्तर, ओल्या फरशीवर न घसरणारा तळ, अर्ध्या मापाचे नंबर, असे बदल जो नीट करेल त्याला नव्या डिझाइनची नोंदणीही करता येईल.

दुसरी गोष्ट, वस्तूमागची गोष्ट ग्राहकापर्यंत पोहोचायला हवी. चप्पल कुणी, कुठे, किती दिवसांत बनवली, हे कळलं की ग्राहक घासाघीस करण्याआधी विचार करतो. अस्सल कोल्हापुरीवर क्यूआर कोड देण्याची योजना याच दिशेची आहे.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाटा. ८०० युरोंतला किती भाग चप्पल शिवणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतो, यावर या कराराचं खरं यश ठरेल. कारण कारागिराच्या मुलांना या कामात पैसा आणि मान दिसला नाही, तर ती दुसरी नोकरी शोधतील. मग आकार उरेल, पण तो सुधारणारं डोकं आणि हात उरणार नाहीत.

पुढच्या वेळी महाद्वार रोडवर चपलेचा भाव करताना एवढं आठवा : समोरचा माणूस फक्त चामडं विकत नाहीये. तो एक डिझाइन विकतोय, आणि त्याची किंमत मिलानने ऐंशी हजारांच्या वर लावली आहे.