रात्री लोकल कुठे जाते? कुर्ला कारशेडची गोष्ट

मध्यरात्रीनंतर मुंबईची लोकल दोन-तीन तास विसावते. तेव्हा काही गाड्या स्टेशनातच थांबतात, बाकीच्या कारशेडमध्ये जातात. मध्य रेल्वेची अशी तीन मोठी कारशेड आहेत: कुर्ला, कळवा आणि सानपाडा.

कुर्ल्याचं नातं जुनं आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली. तेव्हा वीज १,५०० व्होल्ट डीसी होती. २०१६ पर्यंत मध्य रेल्वेचे मुंबईतले लोकलमार्ग २५,००० व्होल्ट एसीवर आले.

कारशेडमध्ये काय असतं?

● स्टेबलिंग लाइन: गाड्या उभ्या करायचे समांतर रूळ.
● पिट लाइन: रुळांखालच्या खड्ड्यात उतरून कर्मचारी चाकं, ब्रेक, मोटर तपासतात.
● सांधे: हे सगळे रूळ मुख्य मार्गाला जोडतात.

खरी मेख सांध्यांत आहे. पावसाचं पाणी साचून सांधा बंद पडला, तर त्यामागच्या गाड्या आतच अडकतात. एकच गाडी दिवसभरात अनेक फेऱ्या करते. त्यामुळे पहाटे ती निघाली नाही, तर तिच्या पुढच्या फेऱ्याही कोलमडतात आणि गर्दी मागच्या लोकलवर येते.