अलर्कविष आणि जलत्रास

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांतील सातवा अध्याय ‘मूषिककल्प’ या नांवाचा असला, तरी पिसाळलेल्या जनावरांच्या दंशाचें, म्हणजे अलर्कविषाचें, विवेचन त्यांतच आलें आहे. दष्ट मनुष्य पाण्यास भिऊं लागला कीं तो असाध्य, हा तेथील निर्णय आजही जवळजवळ अबाधित आहे. विष स्वतः प्रकोप पावण्यापूर्वींच चिकित्सा करावी, असें ग्रंथकार बजावतो. आमच्या मतें त्यानें काळ अचूक ओळखला. मात्र रक्त काढून तप्त घृतानें डागणें हा त्याचा उपाय आतां ग्राह्य नाहीं.

लाळेंतून शिरलेला विषाणु मज्जातंतूंच्या मार्गानें मेंदूकडे जातो. त्यास वाटेंतच अडविलें पाहिजे. पाश्चरनें ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ माइस्टर या मुलास लस टोचून ही दिशा दाखविली. आज जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवून लगेच लस, आणि रक्त आलें असल्यास इम्युनोग्लोब्युलिनही, घ्यावें लागतें.

जुन्या बाडांत कुत्र्याच्या विषावरील उतारे आढळतात. ते जपावे, छापावेही. परंतु ते उपचारार्थ नव्हेत, असें संपादकांनीं तेथेंच नमूद करावें, ही संग्राहकांस आमची विनंती आहे.