खळ्यावरचे बलुते आणि दुकानातला पाना

सिन्नरसारख्या कसब्यात एखाद्या गृहस्थाने घरातील नळ, बिजागरी, विहिरीवरचा पंप किंवा दाराशी उभी असलेली मोटार स्वतःच्या हाताने दुरुस्त करावी आणि त्याकरिता लागणारी हत्यारे बाजारात जाऊन, पारखून, पदरच्या पैशाने विकत आणावीत, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक झाली आहे की तिलाही काही इतिहास असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक गावगाड्याच्या शतकानुशतकांच्या व्यवस्थेत हत्यार ही गृहस्थाने खरेदी करण्याची वस्तूच नव्हती. शेतकऱ्याजवळ अवजारे असत, परंतु ती घडविणारी व दुरुस्त करणारी हत्यारे, म्हणजे ऐरण, भाता, घण, सांडस, वाकस, पटाशी, रंधा आणि सामता, ही लोहार-सुतारांच्या वतनाबरोबर चालत आलेली असत, आणि त्यांच्यावर इतर कोणाचा अखत्यार नसे.

महसूल खात्याच्या अनुभवातून खेड्यांचा कारभार जवळून पाहिलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्याच्या व्यवस्थेचे जे सविस्तर विवेचन केले आहे, ते नाशिक जिल्ह्यालाही बव्हंशी लागू पडते. सुगी झाली की खळ्यावर धान्याची रास पडे, तिच्यातून लोहार-सुतारांचा वाटा निघे, आणि त्या मोबदल्यात वर्षभर फाळ शेवटून देणे, विळे-खुरपी पाजवून देणे, कुऱ्हाडीस दांडा बसविणे, चाकावर धाव चढविणे ही कामे त्यांच्याकडून होत. यात लोखंड बहुधा कुणब्याचे असे, कोळसाही पुष्कळदा त्याचाच, आणि भाता ओढावयास किंवा घण मारावयास तो स्वतःही उभा राही. म्हणून निवड करण्याचा प्रसंग त्या काळीही येत असे, परंतु तो तयार हत्याराच्या बाबतीत नव्हे, तर लोखंडाच्या बाबतीत. कोणते लोखंड ठिसूळ, कोणते चिवट, कोणते पाणी धरते व कोणते धरीत नाही, याची पारख जुन्या शेतकऱ्यास असे, कारण भट्टीशी उभा राहून त्याने ते लाल झालेले, वाकलेले आणि प्रसंगी तडकलेलेही पाहिलेले असे. आपल्या वस्तूच्या उत्पत्तीचे इतके निकट साक्षित्व पुढील कोणत्याही पिढीतील ग्राहकाच्या वाट्याला आलेले नाही, आणि हे नुकसान मला फार मोठे वाटते.

सिन्नरच्या भूमीत तर लोखंडाच्या पाण्याची कसोटी लागल्याचा पुरावा पाषाणातच उभा आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने राजधानी देवगिरीस नेण्यापूर्वी यादवांचे मूळ सत्ताकेंद्र ज्या परिसरात होते, त्याच परिसरात गोंदेश्वराचे पंचायतन काळ्या बसाल्टात उभे राहिले. मंदिराविषयी लिहिणारे बहुतेक लेखक शिल्पकाराच्या कल्पनेची स्तुती करून थांबतात, आणि ती स्तुती यथार्थही आहे. परंतु बसाल्ट हा अत्यंत कठीण दगड असून त्यावर चालणाऱ्या टाकीचे टोक फार लवकर बोथटते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला प्रत्येक पाथरवटामागे टाक्या तापवून, ठोकून, पाणी पाजून परत करणारा एक लोहार दिसू लागतो. त्या लोहाराचे नाव कोणत्याही शिलालेखात सापडावयाचे नाही.

बलुत्याच्या चौकटीबाहेर रोख व्यवहाराने हत्यार विकणारा पहिला कारागीर म्हणजे घिसाडी. गाडीवर बिऱ्हाड, जमिनीत रोवलेली लहान ऐरण, भात्याशी बसलेला पुरुष आणि समोर उभी राहून घण मारणारी त्याची बायको, असे हे कुटुंब आठवडे बाजाराच्या सुमारास वेशीबाहेर उतरे, आणि विळा, कोयता, खुरपे, उलथणे अशा जिनसा तेथल्या तेथे घडवून विके. येथे गिऱ्हाईक व कारागीर यांचा वंशपरंपरेचा संबंध नव्हता. माल वाईट निघाला तर पुढील सुगीत बलुते रोखून धरण्याचा उपायही नव्हता. त्यामुळे वस्तू हातात घेऊन तिचा तोल पाहणे, नखावर धार लावून पाहणे, ठोकून नाद ऐकणे आणि मग घासाघीस करणे ही ग्राहकाची विद्या येथेच खऱ्या अर्थाने जन्मास आली, असे मी समजतो. मोटारी आल्यानंतर याच घिसाड्यांनी व गावलोहारांनी भंगारातील कमानपाटे विकत घेऊन त्यांचे कोयते केले, रुळाच्या तुकड्याची ऐरण केली, झिजलेल्या कानशीची सुरी केली. कमानीचे पोलाद लवचिक असून धार टिकविते, हे त्यांनी कोणत्याही प्रयोगशाळेच्या दाखल्यावाचून ओळखले होते.

सिन्नरच्या बाबतीत आणखी एका हत्याराचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि ते म्हणजे विडी कामगार स्त्रीची कात्री. विसाव्या शतकात या गावी विडीचा धंदा वाढला आणि हजारो घरांच्या ओट्यांवर तेंदूची भिजविलेली पाने, तंबाखूचे सूप आणि दोऱ्याची रिळे दिसू लागली. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून त्याच्या कडेने पान कापावयाचे, शिरा टाळावयाच्या, कापलेल्या पानात तंबाखू भरून ते वळावयाचे आणि दोरा बांधावयाचा, या कामात दिवसभर बोटांत असते ती कात्री. आणि पाने व तंबाखू कारखान्याकडून मिळाली तरी कात्री मात्र सर्वसाधारणपणे जिची तिलाच घ्यावी लागे. म्हणून तिची निवड ही अत्यंत काळजीची बाब होती. रिवेट इतका घट्ट नसावा की अंगठा दुखावा, इतका सैल नसावा की पान दोन पात्यांमध्ये दुमडावे. पाती टोकापर्यंत मिळावीत. कडीला चिंधी गुंडाळल्यावरही बोटे मोकळी राहावीत. सहाणवाल्याकडे धार लावावयास दिली असता दुसऱ्याच कोणाची कात्री परत येऊ नये म्हणून खुणेचा दोरा बांधण्याची दक्षताही त्यांत आली. विडी कामगारांच्या सेवाशर्तींविषयीचा कायदा १९६६ साली झाला. परंतु त्याच्या कितीतरी आधी, हत्याराच्या निवडीवर मजुरी अवलंबून असते हे अर्थशास्त्र या स्त्रियांनी आपल्या अंगठ्याच्या वेदनेतून जाणले होते. घरगुती हत्यारांचा इतिहास लिहिताना पुरुषांच्या पेटीतील पाना-पक्कडीपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. सिन्नरपुरते तरी अग्रस्थान या कात्रीला देणे न्याय्य होईल.

१८६५ साली थळ घाटातून लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई बंदरात उतरणारे विलायती लोखंड, तारखिळे, स्क्रू, कानशी व करवती नाशिककडे सुलभतेने येऊ लागल्या. सिन्नर लोहमार्गावर नव्हते, तरी पुणे-नाशिक हमरस्ता त्याच्या अंगावरून जात असल्यामुळे यंत्रयुगाचे आगमन येथे रस्त्यानेच झाले. मोटारलॉऱ्या, मग १९४८ नंतर हळूहळू विस्तारत गेलेली एस.टी., डिझेल इंजिने, आणि त्यांच्यामागोमाग रस्त्याकाठचे गॅरेज व त्यातला मिस्तरी.

या मिस्तरीच्या पेटीत मापांचा मोठा घोळ होता. सुतार गज व तसूने मोजत आले होते आणि गजाचे चोवीस तसू हे सर्वमान्य असले तरी गजाची लांबी ठिकठिकाणी वेगळी असे. इंग्रजी बोल्टांना जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली सुचविलेले आटे असत. १९४७ पासून मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या अमेरिकन घाटणीच्या जीपला इंचाचेच, परंतु निराळ्या रीतीने मोजलेले पाने लागत. आणि कुर्ल्यात तयार होणाऱ्या फियाटला मिलिमीटरचे. व्हिटवर्थच्या पान्यावरील आकडा बोल्टाच्या जाडीचा, तर अमेरिकन पान्यावरील आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतराचा, त्यामुळे एकच आकडा कोरलेले दोन पाने शेजारी ठेवले तर त्यांची तोंडे भिन्न निघत. मिस्तरी लोकांनी या अरण्यातून ‘सुता’ची वाट काढली: इंचाचे आठ सूत, अर्ध्या इंचाचा बोल्ट चार सुती. १९५६ च्या कायद्यानुसार दशमान मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि दहा-अकरा, बारा-तेरा असे जोडपाने दुकानात दिसू लागले. तरी सूत काही गेला नाही.

मोटारमालकाने स्वतः हत्यार हाती धरण्यास आरंभ केला तो या काळात. प्रारंभी त्याचा संच जॅक, टोमी व प्लग पाना एवढाच असे, आणि तो गाडीबरोबरच मिळे. पुढे अँबॅसडर व फियाट बाळगणारे हौशी वैद्य-वकील फीलर गेज घेऊन डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटमधील फट स्वतः मोजू लागले, आणि स्कूटर घरोघर आल्यावर प्लग काढून काजळी घासणे हे तर शाळकरी मुलांनाही येऊ लागले.

याच सुमारास सिन्नरपासून सुमारे दहा कोसांवर, नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत, हातहत्यारांच्या कारखानदारीला प्रारंभ झाला. १९६५ साली स्थापन झालेल्या टपारिया टूल्स या कंपनीने स्वीडिश तांत्रिक सहकार्याने १९६९ पासून उत्पादन सुरू केले आणि पक्कड, पाना, पेचकस या वस्तूंवर त्या नावाचा ठसा देशभर परिचित झाला. स्वीडनचे पोलाद जगात पूर्वीपासून नावाजलेले. सरकत्या जबड्याच्या पान्याला आजचे सुटसुटीत रूप देणारा योहान पेटर योहान्सन हाही त्याच देशाचा, आणि त्याचे त्या पान्याचे पेटंट १८९२ चे.

गावलोहाराची विद्या कारखान्यात गेली म्हणजे नक्की काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. लोहार तापवून थंड केलेले पोलाद पुन्हा मंद आचेवर धरी आणि त्याच्या घासलेल्या पृष्ठावर उमटणाऱ्या रंगांवरून पाणी ओळखी: गवती पिवळा रंग आला की धारेच्या हत्याराला योग्य, जांभळा किंवा निळा आला की कमानीसारख्या लवचिक वस्तूला. हे रंग साधारण दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान दिसतात, आणि ढगाळ दिवशी किंवा उन्हात ते चुकण्याचा संभव असे. कारखान्यात क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा तुकडा साच्यात घडविला जातो, भट्टीचे तापमान यंत्र राखते आणि कठीणपणा आकड्यात मोजला जातो. लोहाराच्या शंभर विळ्यांत दहा अप्रतिम व दहा निकामी निघत. कारखान्याचे शंभर पाने एकसारखे. परंतु ग्राहकाला भट्टी दिसत नाही, लोहार भेटत नाही. त्याची खातरजमा ठशावर आणि दुकानदाराच्या शब्दावर येऊन थांबली.

म्हणूनच आजच्या खरेदीदाराने घिसाड्यापुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याची दृष्टी सोडता कामा नये. पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. जबड्यांच्या टोकाशी फट दिसली तर ती बारीक तार धरणार नाही. तिचा सांधा मऊ फिरावा, पण आडवा हलू नये. हातोडीच्या दांड्याचे रेषे उभे, सलग असावेत. शक्य तेथे उघड्या तोंडाच्या पान्याऐवजी रिंग पाना घ्यावा, कारण तो नटाचे सहाही कोन धरतो व ते झिजवीत नाही. आणि सरकता पाना वापरताना जोर नेहमी स्थिर जबड्यावर येईल असा ओढावा. रंगीत पेटीत शंभर नगांचा संच स्वस्तात मिळतो, त्यातील सॉकेट पहिल्याच घट्ट बोल्टावर फाटतात, आणि बोल्टाचे कोन गेल्यावर जे काम पाच मिनिटांचे होते त्याला छिन्नी लावावी लागते. त्या पैशात पाच-सहा अव्वल पाने घ्यावेत व उरलेले गरजेप्रमाणे वाढवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावची एम.आय.डी.सी. उभी राहिल्यापासून सिन्नरचे असंख्य तरुण दिवसभर अत्यंत अचूक मापांच्या यंत्रांवर काम करतात, आणि सुटीच्या दिवशी घरच्या डागडुजीकरिता हार्डवेअरच्या दुकानात उभे राहतात. मोटारीचे काम आता पुष्कळसे संगणकाच्या अधीन गेले असले तरी बॅटरीची टोके साफ करणे, वायपर व फिल्टर बदलणे यांना दहा, बारा, चौदा व सतरा मिलिमीटरचे पाने बहुतांशी पुरे पडतात. नळाच्या कामात मात्र पाइपचे आटे आजही इंची मापाचेच आहेत, कारण ती इंग्रजी पद्धत आंतरराष्ट्रीय प्रमाणातही कायम राहिली. त्यामुळे दुकानदाराकडे अर्ध्या इंची नळासाठी पाइप पाना आणि गाडीसाठी मिलिमीटरचा रिंग पाना, अशी दोन्ही मापांची मागणी एकाच यादीत येते, आणि जुना दुकानदार नळाच्या सामानाचे माप अजून सुतातच सांगतो.