स्पीडवे शर्यती आणि प्रेक्षक
कच्च्या लंबवर्तुळाकार धावमार्गावरील, ब्रेक नसलेल्या मोटारसायकलींची चार फेऱ्यांची शर्यत. ऑस्ट्रेलियातून आलेला हा खेळ १९२८ मध्ये इंग्लंडमध्ये हाय बीच येथे झाला आणि लवकरच लोकप्रिय ठरला. जागतिक अजिंक्यपदाची पहिली अंतिम फेरी लंडनच्या वेम्ब्ली क्रीडागारात १९३६ मध्ये झाली. तेथील अखेरच्या, १९८१ मधील फेरीस सु. ९०,००० प्रेक्षक होते. पुढे जमिनी विकल्या जाऊन अनेक मैदाने बंद पडली. मँचेस्टरचे हाइड रोड मैदान १९८७ मध्ये गेले. जुन्या प्रेक्षकांच्या स्मृतिरंजनात मिथेनॉल व एरंडेलाचा वास आहे, तशीच दर आठवड्याला ठराविक रात्री भेटणारी शेजारीपाजारी मंडळीही आहे. १९९५ पासूनच्या ग्रांप्री मालिकेमुळे भव्य सोहळे झाले. परंतु त्यांतून ती साप्ताहिक सोबत परतली नाही. पोलंडमधील संघस्पर्धांत मात्र ती आजही आढळते.