सत्तेवाचून कर्तृत्व : मृणाल गोरे यांचे राजकारण

राजकीय व्यक्तींची चरित्रे लिहिताना आपल्याकडे एक सोयीचा मापदंड रूढ झाला आहे. अमुक व्यक्ती किती वर्षे मंत्रिपदावर होती, कोणते खाते तिच्याकडे होते, कोणत्या इमारतींच्या कोनशिलांवर तिचे नाव आहे, हे मोजले की कर्तृत्व मोजले गेले, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. हा मापदंड लावावयाचा तर ज्यांनी आपले बहुतेक आयुष्य विरोधी बाकावर काढले, त्यांच्या वाट्यास इतिहासात एखादी ओळच यावयाची. मृणाल गोरे (१९२८–२०१२) यांचे चरित्र हा मापदंड पारखून पाहण्यास फार उपयोगी आहे. कारण त्यांनी मंत्रिपद एक दिवसही भूषविले नाही, आणि तरीही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनावर त्यांचा ठसा उमटला आहे.

आम्ही हिंगोलीच्या मुलखातील माणसे हा विषय थोड्या निराळ्या दृष्टीने पाहतो. एकेकाळी येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि १९४८ पर्यंत येथे निजामाचा अंमल होता. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या जन्मकाळीच बंदी आली. अशा राज्यात सरकारास विरोध करणाऱ्यापुढे दोनच मार्ग होते. एक तुरुंगाचा आणि दुसरा सरहद्दीपलीकडे निघून जाण्याचा. दरबारात मानकऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात, विरोधकाची जागा नसते. विरोध करणारा मनुष्य राज्याचा शत्रू नसून राज्यव्यवस्थेचाच एक आवश्यक घटक आहे, ही कल्पना या भागात सप्टेंबर १९४८ नंतर आली. म्हणून ती कल्पना एखाद्या स्त्रीने प्रत्यक्ष जगून कशी दाखविली, हे पाहणे आम्हांस केवळ मुंबईचा इतिहास वाचण्यासारखे वाटत नाही.

ज्या साली मराठवाडा मुक्त झाला, त्याच १९४८ साली पूर्वाश्रमीच्या मृणाल मोहिले यांचा केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी विवाह झाला. दोघेही राष्ट्र सेवा दलाचे आणि समाजवादी विचाराचे. मृणालताई वैद्यकीय शिक्षण घेत होत्या; सार्वजनिक कार्यासाठी ते त्यांनी अर्धवट सोडले. उभयतांनी गोरेगाव हे कार्यक्षेत्र निवडले. १९५७ साली मुंबई महानगरपालिकेत समाविष्ट होईपर्यंत गोरेगाव हे ग्रामपंचायतीचे गाव होते, आणि मृणालताईंच्या लोकप्रतिनिधित्वाचा आरंभ त्या ग्रामपंचायतीतूनच झाला. १९५८ साली केशव गोरे अकाली निवर्तले. पदरी लहान मुलगी आणि वय अवघे तीस. अशा वेळी सार्वजनिक जीवनातून निवृत्त होणाऱ्या स्त्रीस समाजाने दोष दिला नसता, उलट तिची वाखाणणीच केली असती. मृणालताईंनी तसे केले नाही. १९६१ साली त्या महानगरपालिकेवर निवडून गेल्या.

महानगरपालिकेत त्यांनी धरलेला प्रश्न पाण्याचा होता. उपनगरांची वस्ती झपाट्याने वाढत होती, आणि नळ मात्र वस्तीच्या मागे फार दूर राहिले होते. त्यातही झोपडपट्टीस पाणी देण्याविरुद्ध एक सरळ दिसणारा युक्तिवाद असे : वस्ती बेकायदा आहे, तेव्हा तिला नळ देणे म्हणजे बेकायदा कृत्यास मान्यता देणे होय. या युक्तिवादातील गफलत अशी की, वस्ती कायदेशीर आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत तहान थांबून राहत नाही. जमिनीचा वाद आणि पाण्याची गरज हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हे मृणालताईंनी सभागृहात भाषणांनी आणि बाहेर मोर्चांनी ठसविले. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ ही पदवी दिली. विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरण्याचा अनुभव ज्या मुलखास आहे, तेथे या पदवीचे मोल निराळे समजावून सांगावयास नको.

१९७२ साली त्या विधानसभेवर निवडून आल्या. ते वर्ष महाराष्ट्राच्या स्मृतीत दुष्काळाचे वर्ष म्हणून राहिले आहे. मराठवाड्यात बाया दुष्काळी कामांवर खडी फोडीत होत्या. शहरांत धान्य, तेल, साखर, रॉकेल यांचे भाव चढत होते. त्या वेळी मुंबईत स्त्रियांची महागाईविरोधी संयुक्त समिती उभी राहिली. तीत समाजवादी पक्षाच्या मृणाल गोरे व प्रमिला दंडवते आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर एकत्र आल्या. एरवी ज्यांच्या पुढाऱ्यांत तात्त्विक वादांचा अंत लागत नसे, त्या पक्षांच्या स्त्रिया रेशनच्या प्रश्नावर एका फळीत उभ्या राहिल्या. हाती लाटणे घेऊन आणि थाळ्या वाजवीत हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. स्वयंपाकघर हे राजकारणाबाहेरचे क्षेत्र नाही, किंबहुना राज्यकारभाराचा पहिला हिशेब तेथेच लागतो, हे त्या लाटण्याने जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही जाहीरनाम्याने झाले नसते.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. मृणालताईंनी काही महिने भूमिगत राहून काम केले. डिसेंबरात त्यांना अटक झाली. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकान्तकोठडीत ठेवण्यात आले. शेजारी एका बाजूस कुष्ठरोगाने पीडित कैदी आणि दुसऱ्या बाजूस भ्रमिष्ट स्त्री. विरोधकाची जागा तुरुंगातच आहे, ही निजामी राजवटीची कल्पना स्वतंत्र भारतातही किती सहज परत येऊ शकते, हे या प्रसंगावरून दिसते. १९७७ च्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, इंदिरा गांधी पराभूत झाल्या, आणि ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा सर्वतोमुखी झाली. जनता सरकारात त्यांस मंत्रिपद देऊ केले असता त्यांनी ते नाकारले, असे सांगतात. ते सरकार १९७९ साली कोसळले.

१९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या, आणि १९८८-८९ मध्ये सुमारे दहा महिने विरोधी पक्षनेत्या होत्या. त्याच आसनावर १९७९ साली बसलेल्या प्रतिभा पाटील पुढे राष्ट्रपती झाल्या. मृणालताई आपल्या गोरेगावातच राहिल्या. परंतु याच काळात त्यांच्या हातून एक मोठे कार्य घडले. गर्भजलपरीक्षेने मुलगी आहे असे कळताच गर्भपात करण्याची प्रथा शहरांत पसरत होती. स्त्री-संघटनांच्या चळवळीस मृणालताईंनी अशासकीय विधेयकाच्या रूपाने विधानसभेत वाचा फोडली. अखेर सरकारने स्वतःच १९८८ साली कायदा केला. गर्भलिंगचिकित्सेस आळा घालणारा असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले, आणि १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. विरोधकाने मांडावे, सरकारने नाकारावे, आणि लोकमताच्या रेट्याने तेच सरकारास करावे लागावे, हाच संसदीय विरोधाचा खरा व्यवहार होय.

विरोध करणे सोपे असते, कारण जबाबदारी कोठे असते, असा आक्षेप येथे येईल. तो अगदीच खोटा नाही. लाटणे मोर्चाने महागाई कायमची हटली नाही, आणि गर्भलिंगकायदा होऊनही त्याची अंमलबजावणी दुबळीच राहिली. परंतु मृणालताईंनी केवळ नकाराचे राजकारण केले नाही. बाबुराव सामंत आदी सहकाऱ्यांसह त्यांनी नागरी निवारा परिषदेचा लढा दिला. कमाल जमीनधारणा कायद्याखालील जागा मिळवून दिंडोशी येथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सहा हजारांहून अधिक घरे उभी केली. जे सरकारकडे मागितले, ते स्वतःही करून दाखविले. आक्षेपास याहून निराळे उत्तर देण्याची गरज आम्हांस वाटत नाही.

आज महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आहेत. हिंगोली जिल्ह्यातील गावोगावच्या पंचायतींत त्यामुळे स्त्रिया बसतात. पण कित्येक ठिकाणी खुर्ची बाईची आणि कारभार तिच्या यजमानांचा, ही तक्रार आपण सर्वांनी ऐकली आहे. खुर्ची कायद्याने मिळते. प्रश्न विचारण्याची सवय कायद्याने मिळत नाही. मृणालताईंचा आरंभही ग्रामपंचायतीतूनच झाला होता, आणि गावात पाणी का येत नाही हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न सभेत उभे राहून विचारण्यास कोणत्याही पदाची आवश्यकता नाही. तो विचारणाऱ्या पहिल्या बाईस ‘ही उगाच विरोध करते’ असे न म्हणणे, एवढे तरी आपण सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांकडून व्हावे.