हमीभाव आणि थेट उत्पन्न साहाय्य (मराठवाडा)

हमीभाव (किमान आधारभूत किंमत) आणि थेट उत्पन्न साहाय्य हे शेतकऱ्यांना आधार देण्याचे दोन भिन्न मार्ग आहेत. पहिला शेतमालाच्या भावाशी जोडलेला आहे, दुसरा जमिनीच्या मालकीशी. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कापूस आणि मका ही प्रमुख खरीप पिके असल्याने येथे दोन्हींचा अनुभव एकाच वेळी येतो.

हमीभावाची शिफारस कृषी खर्च व मूल्य आयोग करतो. त्याची स्थापना १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग या नावाने झाली. मात्र भाव जाहीर होणे आणि तो हातात पडणे यांत अंतर आहे. सरकारी केंद्रावर कापसातील ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. शिवाय सातबाऱ्यावरील पीकपेऱ्याची नोंद लागते आणि पैसे नंतर खात्यावर जमा होतात. दिवाळीपूर्वी उधारी फेडायची असलेला शेतकरी म्हणूनच पहिल्या वेचणीचा ओला कापूस गावातच व्यापाऱ्याला देतो. शांता कुमार समितीने २०१५ मध्ये, देशातील केवळ सुमारे ६ टक्के शेतकरी हमीभावाने सरकारी यंत्रणेला माल विकतात, असे नमूद केले होते.

महाराष्ट्राने याहून पुढचा प्रयोगही करून पाहिला. १९७१ च्या कायद्यानुसार सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत राज्यातील कापूस शासनालाच विकणे बंधनकारक होते. बाहेर भाव चढला की कापूस चोरून परराज्यात जाई. उतरला की तोटा राज्याच्या तिजोरीवर पडे.

थेट साहाय्यात ओलावा, प्रतवारी, रांग यांचा प्रश्न नाही. केंद्राची पीएम-किसान योजना (२०१९) वर्षाला ६,००० रुपये देते. राज्याच्या २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी ६,००० मिळतात. परंतु बटईने शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसल्याने तो वगळला जातो, आणि कसणे सोडलेल्या मालकाला हप्ता मिळत राहतो. ही त्रुटी किरकोळ नव्हे.

रक्कम महागाईशी जोडलेली नाही, हा दुसरा आक्षेप. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१९-२० मधील ५,२५५ रुपयांवरून २०२४-२५ मध्ये ७,१२१ रुपये क्विंटल झाला. पीएम-किसानची रक्कम त्या काळात तेवढीच राहिली. बाजारभाव हमीभावापेक्षा क्विंटलमागे ६०० रुपयांनी कमी असेल, तर २० क्विंटल कापूस विकणाऱ्याचे १२,००० रुपये, म्हणजे दोन्ही योजनांची वर्षाची रक्कम, एका विक्रीतच जातात. उलट, दोन-तीन क्विंटल पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला हप्ताच अधिक मोलाचा ठरतो.

मधला मार्ग म्हणून मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजना आणली. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, हेक्टरी ५,००० रुपये दिले. त्यांचे वाटप २०२४ मध्ये, माल विकून झाल्यावर बऱ्याच महिन्यांनी सुरू झाले.