आकाशातली ज्येष्ठता यादी

मागच्या रमजानमध्ये इफ्तारनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या एक बाई घरी आल्या. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकला, मराठी माझ्याकडे. पुढे विज्ञान घेतलं, वडिलांच्या वाट्याची जमीन विकून आणि उरलेलं कर्ज काढून त्याने विमान चालवण्याचं लायसन्स मिळवलं. आता एका छोट्या विमान कंपनीकडून बोलावणं येईल, असं दिसत होतं. बाईंचा प्रश्न साधा होता, "सर, छोट्या कंपनीत लागला तर पुढे मोठ्या कंपनीत आपोआप जातो का? ते लोक तसं म्हणतायत."

मला विमानातलं काही कळत नाही. पण 'आपोआप' हा शब्द मला चांगला कळतो.

मी बीएड झाल्यावर तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागलो. त्या संस्थेच्या अध्यक्षांचीच शहरात दुसरी, मोठी संस्था होती. कागदावर दोन्ही ट्रस्ट वेगळे, घर एकच. मला सांगितलं गेलं, "इथे चार-पाच वर्षं काढा, मग शहरात घेऊ. सेवा धरली जाईल, आपलीच संस्था आहे." पाच वर्षांनी मला शहरात घेतलं, शब्द अर्धा पाळला. पण ज्येष्ठता यादी भिंतीवर लागली तेव्हा माझ्या नावापुढे नव्या रुजू होण्याची तारीख होती. माझ्यापेक्षा कमी सेवेचे सहा जण माझ्या वर होते. ज्याने शेड्युल एफ कधी वाचलंय, त्याला पुढचं सांगायला नको. पर्यवेक्षकपद कोणाला, अतिरिक्त कोण ठरणार, सगळं त्या यादीवर. मी तक्रार केली तेव्हा विचारलं गेलं, "लेखी आहे का?"

म्हणून त्या बाईंना मी म्हटलं, थोडे दिवस द्या, वाचून सांगतो. वाचायला बसलो आणि अमेरिकेच्या एका गोष्टीत अडकलो. कारण तिथे हा शब्द लेखी दिलेला होता.

अमेरिकेत १९७८ साली कायदा होऊन विमान कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. कुठे उडायचं, किती भाडं घ्यायचं, हे कंपन्या ठरवू लागल्या. मोठ्या कंपन्यांनी काही मोठी विमानतळं केंद्र म्हणून धरली आणि आजूबाजूच्या लहान गावांतून प्रवासी गोळा करून आणायचं काम छोट्या कंपन्यांवर सोपवलं. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, तिकीटही तिचंच, पण आतला वैमानिक दुसऱ्या कंपनीचा आणि पगार कितीतरी कमी. अमेरिकन एअरलाइन्सने १९८४ मध्ये 'अमेरिकन ईगल' या नावाने अशी सेवा सुरू केली. पुढे त्या छोट्या कंपन्या तिच्या पालक कंपनीनेच विकत घेतल्या आणि १९९८ पर्यंत त्यांतल्या बहुतेकांची एकच कंपनी झाली.

इथे वैमानिकाच्या नोकरीचं एक वैशिष्ट्य सांगितलं पाहिजे. प्रत्येक कंपनीत एक ज्येष्ठता यादी असते आणि वैमानिकाचं सगळं आयुष्य त्यातल्या एका नंबरावर चालतं. कोणतं विमान, कोणतं शहर, सणाला सुट्टी की ड्युटी, कॅप्टन कधी होणार, मंदी आली तर घरी कोण बसणार, सारं नंबरावरून. वीस वर्षांचा अनुभवी कॅप्टन कंपनी बदलून गेला तर नव्या यादीत तळाला लागतो. म्हणजे छोट्या कंपनीतला वैमानिक मोठ्या कंपनीत जाऊ पाहतो, तेव्हा तो नोकरीपेक्षा नंबर मागत असतो. आणि जितका लवकर मिळेल तितका.

१९९० च्या दशकात छोट्या जेट विमानांचं युग आलं. तोवर ईगलकडे पंख्याची विमानं होती. आता पन्नास-सत्तर आसनांची जेट आली आणि प्रश्न पडला, ही कोण चालवणार? मोठ्या कंपनीचे वैमानिक म्हणाले, जेट आमचं. कंपनी म्हणाली, तुमच्या पगारात ते परवडत नाही. अमेरिकेत वैमानिकांच्या करारात 'स्कोप' नावाचं कलम असतं, म्हणजे किती मोठं विमान बाहेरच्या वैमानिकाच्या हाती द्यायचं याची मर्यादा. भांडण त्या कलमावर होतं. १५ फेब्रुवारी १९९७ च्या मध्यरात्री अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले. काही मिनिटांतच राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी रेल्वे कामगार कायद्याखाली हस्तक्षेप केला. हा १९२६ चा कायदा तिथे विमान कंपन्यांनाही लागू आहे. संप थांबला, वाटाघाटी झाल्या आणि त्याच वर्षी तोडगा निघाला.

तोडगा असा. छोटी जेट ईगलचे वैमानिक चालवतील. बदल्यात दोन्ही कंपन्या आणि दोन्ही युनियन, अशा चौघांनी मिळून एक करार केला. मोठ्या कंपनीत नवी भरती होईल तेव्हा दोन जागांपैकी एक ईगलच्या जेट कॅप्टनला देऊ करायची. प्रशिक्षणाच्या बंधनामुळे किंवा कामाच्या गरजेमुळे त्याला लगेच सोडता आलं नाही, तर तो ईगलमध्येच राहील, पण मोठ्या कंपनीच्या यादीतला नंबर त्याला मिळेल. याला 'फ्लो-थ्रू' म्हणतात, म्हणजे खालून वर वाहत जाणं.

हे वाचून मी थांबलो. मला पाच वर्षांपूर्वीचा नंबर हवा होता, तो मिळाला नाही. यांना जाण्याआधीच नंबर मिळत होता, तोही लेखी, चौघांच्या सह्यांनी.

मात्र त्याची किंमतही होती. त्याच वर्षी ईगलच्या वैमानिकांनी सोळा वर्षांचा करार स्वीकारला. त्या काळात संप करायचा नाही, वेतनाचा वाद लवादाकडे न्यायचा. उद्याच्या दाराच्या भरवशावर आजचं हत्यार खाली ठेवलं गेलं. आणि करारात दुसरंही एक कलम होतं, त्याकडे त्या तेजीच्या दिवसांत फार कोणाचं लक्ष गेलं नसावं. मोठ्या कंपनीने वैमानिक कमी केले तर त्यांना खाली ईगलमध्ये येऊन जेट कॅप्टनची जागा घेता येईल. वर वाहणारं पाणी उलटही वाहू शकत होतं.

२००१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन एअरलाइन्सने दिवाळखोरीत निघालेली टीडब्ल्यूए ही जुनी कंपनी घेतली. तिचे दोन हजारांहून अधिक वैमानिक आले. दारात गर्दी झाली. मग ११ सप्टेंबर उजाडला. ज्या चार विमानांचं अपहरण झालं त्यातली दोन अमेरिकन एअरलाइन्सची होती. प्रवासी घटले, भरती थांबली, पुढच्या काही वर्षांत दोन हजारांहून अधिक वैमानिक घरी बसवले गेले.

आता कराराचं दुसरं कलम जागं झालं. वरून कमी केलेले वैमानिक खाली आले आणि ईगलच्या कॅप्टनांच्या खुर्च्यांवर बसले. हटलेला कॅप्टन उजव्या बाजूच्या सहवैमानिकाच्या जागी गेला, त्याने आणखी खालच्याला ढकललं. ज्यांच्याकडे मोठ्या कंपनीचा नंबर होता, ते नंबर खिशात ठेवून तिथेच राहिले. परत बोलावणं सुरू होईल तेव्हा आधी कोण, टीडब्ल्यूएचे लोक नवी भरती धरायचे की नाही, असे प्रश्न लवादांपुढे वर्षानुवर्षे चालले. तो करार २००८ मध्ये संपला. काही नंबरधारकांना वर जायला दशक लागलं.

मला या गोष्टीत सर्वांत जास्त बोचलं ते वेगळंच. खाली आलेल्यांत मोठा भाग टीडब्ल्यूएच्या वैमानिकांचा होता. त्यांची वर्षानुवर्षांची सेवा विलीनीकरणात गेली, त्यांच्यातल्या बहुतेकांना नव्या यादीत तळाला टाकलं गेलं आणि म्हणून तेच आधी घरी गेले. ईगलच्या कॅप्टनला वाटत होतं, याने माझी खुर्ची घेतली. पण घेणाराही लुटलेलाच होता. आमच्या शाळेत माझ्या वर लागलेल्या त्या सहा जणांशी मी दोन वर्षं धड बोललो नव्हतो. त्यांनी माझं काय घेतलं होतं? यादी त्यांनी लावली नव्हती.

आणि ज्यांना असं दारच नव्हतं, त्यांचं काय झालं? कॉमएअर ही डेल्टाच्या मालकीची छोटी कंपनी. २६ मार्च २००१ ला तिचे वैमानिक पगार, विश्रांती आणि निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले. संप ८९ दिवस चालला, त्यांना पुष्कळ मिळालंही. पण ११ वर्षांनी, २०१२ च्या सप्टेंबरमध्ये डेल्टाने ती कंपनीच बंद केली.

या स्वस्ताईची किंमत प्रवाशांपर्यंत पोचली ती १२ फेब्रुवारी २००९ ला. कोल्गन एअरचं विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळलं आणि ५० माणसं गेली. तिकिटावर नाव कॉन्टिनेन्टलचं होतं. चौकशीत कळलं, सहवैमानिक तरुणी आदल्या रात्री मालवाहू विमानांतून सिएटलहून निघून, अख्खा देश ओलांडून ड्युटीला पोचली होती. त्या काळात अशा कंपन्यांत सुरुवातीचा पगार वर्षाला वीस हजार डॉलरच्या आसपास असे. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला, २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांचा अनुभव सक्तीचा झाला. लष्करी आणि विमानचालनाची पदवी असलेल्यांना त्यात सवलत आहे. गंमत अशी की, त्या अपघातातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० पेक्षा जास्त होते. तिथे प्रश्न प्रशिक्षणाचाही होता आणि थकव्याचाही.

पण या नियमाने एक उलटापालट केली. वैमानिक कमी पडू लागले. मग छोट्या कंपन्यांना दार दाखवून माणसं आणावी लागली. ईगलचं नाव २०१४ मध्ये 'एन्व्हॉय' झालं. त्याच वर्षी तिथल्या वैमानिकांनी कपातीचा करार मोठ्या बहुमताने नाकारला. आज एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए या तिन्ही कंपन्यांतून अमेरिकन एअरलाइन्सकडे फ्लो-थ्रू चालतो. कोरोनानंतर २०२२ मध्ये एन्व्हॉयने नव्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर देऊ केले. शब्द तोच, कागदही तसाच. १९९७ मध्ये गरज वैमानिकाची होती, २०२२ मध्ये कंपनीची. एवढाच फरक.

आपल्याकडे काय? १९८१ मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांनी मिळून ईशान्येसाठी 'वायुदूत' काढली, ती पुढे तोट्यात जाऊन इंडियन एअरलाइन्समध्येच सामावली. १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सने 'अलायन्स एअर' काढली. कोकणातल्या लोकांना ती आठवेल, ९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्गच्या चिपीला मुंबईहून पहिलं विमान आलं ते तिचंच. आणि २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. लेक घरात वाढत होती, घर विकलं गेलं, लेक मागे राहिली. अशा वेळी 'पुढे मोठ्या कंपनीत' या शब्दांतली मोठी कंपनीच दुसऱ्याची होते.

आणखी एक फरक आहे. आपल्याकडे २०० तासांवर व्यावसायिक लायसन्स मिळतं आणि मुलगा थेट मोठ्या जेटच्या उजव्या खुर्चीत बसू शकतो. छोटी कंपनी ही इथे सक्तीची पायरी नाही. ती निवड आहे, म्हणून जास्त विचारून करायची.

ईदनंतर मी त्या बाईंकडे गेलो. मुलगाही होता. मी म्हटलं, नोकरी मिळाली तर घे. तास जमतील, हात बसेल, कर्जाचा हप्ता सुटेल. पण तीन गोष्टी विचार. मोठ्या कंपनीच्या यादीतला नंबर मिळणार का आणि कोणत्या तारखेचा? वरून माणसं खाली आली तर तुझ्या खुर्चीचं काय? आणि मालक बदलला तर हा शब्द कोणावर बंधनकारक आहे?

तो म्हणाला, "सर, हे विचारलं तर ते नोकरीच देणार नाहीत."

खरं आहे. वीस वर्षांपूर्वी मीही म्हणूनच विचारलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, मग निदान स्वतःच्या मनात उत्तर 'नाही' असं धरून हिशेब कर. तरीही परवडत असेल तर जा. आईला मात्र 'आपोआप' असं सांगू नकोस.

बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी शिरखुर्म्याची वाटी पुढे सरकवली आणि मुलाला म्हणाल्या, "कागद आणलास की आधी सरांना दाखव."

तो अजून आलेला नाही. मी वाट पाहतोय.